व्यवहार-विवेक : कॉलर-माइकची खरेदी



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मुदत ठेवी, वारसनोंद, जीएसटी हे विषय नेहमीचेच. अलीकडे मात्र त्यांच्या जोडीला एक नवा प्रश्न येऊ लागला आहे : दुकानाच्या व्हिडिओसाठी माइक कोणता घ्यावा? एका पाकिटात तर पिता आणि पुत्र यांची दोन वेगळी पत्रे निघाली. चिरंजीवांना तीस हजारांच्या घरातला वायरलेस संच हवा आहे. तीर्थरूपांचे म्हणणे असे की, मोबाइलमध्ये माइक असताना त्याच कामासाठी दुसरे पैसे का मोजावेत? दोघांनीही मजकडून निवाडा मागितला आहे. ध्वनिशास्त्र हा काही माझा अभ्यासाचा विषय नव्हे. परंतु बँकेत असताना यंत्रसामग्रीच्या कर्जप्रस्तावांची छाननी करण्यात आयुष्याची बरीच वर्षे गेली, आणि प्रस्ताव पिठाच्या गिरणीचा असो वा माइकचा, विचारावयाचे प्रश्न फारसे बदलत नाहीत. हे यंत्र नेमके कोणत्या कामासाठी? ते वर्षातून किती दिवस चालणार? बंद पडले तर दुरुस्त कोण करणार? आणि त्याहून कमी पैशांत तेच काम होते का?

प्रथम तीर्थरूपांच्या आक्षेपाचा विचार करू, कारण त्यात तथ्य नाही असे नाही. आजच्या मोबाइलमधील माइक वाईट नसतो. वाईट असते ते त्याचे स्थान. व्हिडिओत माणूस आणि माल दोन्ही दिसावेत म्हणून मोबाइल चार-पाच फूट दूर ठेवावा लागतो आणि त्याच्याबरोबर माइकही दूर जातो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीचा दाब निम्म्यावर येतो. तंत्रज्ञांच्या भाषेत सहा डेसिबलची घट होते. ओठांपासून २० सेंटिमीटरवर असलेला माइक १६० सेंटिमीटरवर नेला, तर अंतर तीन वेळा दुप्पट होते आणि आवाज एक-अष्टमांश उरतो. डोक्यावरचा पंखा, रस्त्यावरची रिक्षा, शेजारच्या दुकानाचे शटर यांचे आवाज मात्र जेवढ्यास तेवढेच राहतात. यानंतर व्हिडिओचा आवाज कितीही वाढवला तरी बोलणाऱ्याबरोबर पंखाही वाढतो. भांडवल घटले आणि देणी तशीच राहिली, की ताळेबंदाचे जे होते तेच येथे होते.

माइक वक्त्याच्या छातीवर आणून ठेवणे, हाच यावरचा उपाय. इंग्रजीत या माइकला लॅव्हेलियर म्हणतात. गळ्यात लोंबणाऱ्या एका फ्रेंच दागिन्याचे हे नाव. प्रारंभीचे असे माइक खरोखरच दोरीने गळ्यात अडकवत असत आणि ते चांगलेच जड असत. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट पद्धतीचा माइक सिद्ध केला आणि पुढे हे यंत्र वाटाण्याएवढे झाले. आपल्या बाजारात त्याला सरसकट कॉलर-माइक म्हणतात. तोच शब्द मीही वापरतो, जरी तो कॉलरला लावणे ही सहसा चुकीचीच जागा ठरते. त्याविषयी पुढे येईल.

खोक्यावर ‘ओम्नी’ आणि ‘कार्डिऑइड’ असे दोन शब्द आढळतात. पहिला सर्व बाजूंचा आवाज घेतो, दुसरा मुख्यतः समोरचा. समोरचाच आवाज घेणारा अधिक चांगला, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु बोलणारा माणूस मान वळवतो, खाली वाकून कपाटातला माल काढतो, आणि तेवढ्यात कार्डिऑइडचा आवाज चढउतार करू लागतो. शिवाय वाऱ्याचा आणि कपड्याच्या घासण्याचा त्रास त्याला अधिक. तेव्हा छातीवर लावण्यासाठी ओम्नीच घ्यावा. ज्या सभागृहात वक्त्याचा आवाज त्याच वेळी मोठ्या स्पीकरवरही सोडायचा असतो, तेथे मात्र शिटी वाजू नये म्हणून कार्डिऑइड उपयोगी पडतो.

आता खरा वाद : वायरचा की वायरलेस?

माझा कौल आधीच सांगून टाकतो. ज्या कुटुंबाने अद्याप दहासुद्धा व्हिडिओ केलेले नाहीत, त्यांनी वायरचा घ्यावा. आपल्याकडे सर्वत्र दिसणारा बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा त्याचा परिचित नमुना. तो साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि वायर सहा मीटर लांब असते, म्हणजे गादीपासून काउंटरच्या दुसऱ्या टोकापर्यंत सहज पुरते. यात चार्जिंग नाही, जोडणी तुटणे नाही. गादीवर बसून किंवा काउंटरमागे उभे राहून बोलणाऱ्यासाठी, आणि आपल्या दुकानांतले बहुतेक व्हिडिओ असेच असतात, वायर ही अडचण नव्हेच.

मात्र वायरच्या माइकमध्ये दोन जागा फसवणाऱ्या आहेत. पहिली त्याच्या पिनची. पिनवरील काळ्या कड्या मोजाव्यात. दोन कड्या असतील तर ती कॅमेऱ्याची पिन, तीन असतील तर मोबाइलची. दोन्ही एकाच भोकात बसतात, पण चुकीची लावली की मोबाइल माइक ओळखत नाही आणि निमूटपणे स्वतःचाच माइक चालू ठेवतो. पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही, चित्रण सुरळीत चाललेले दिसते आणि घरी गेल्यावर कळते. अनेक नव्या मोबाइलना तर गोल भोकच उरलेले नाही. आयफोनने ते २०१६ मध्ये काढून टाकले आणि २०२३ पासून यूएसबी-सी स्वीकारले. अशा मोबाइलसाठी मध्ये जोडणीचा तुकडा लागतो. सर्वच तुकडे माइकसाठी चालत नाहीत. काही केवळ कानात ऐकण्यापुरते असतात. म्हणून मोबाइल बरोबर घेऊनच दुकानात जावे आणि त्याच मोबाइलवर चित्रण करून पाहावे. काही अँड्रॉइड मोबाइलचा मूळ कॅमेरा बाहेरच्या माइकला दादच देत नाही. तेथे ‘ओपन कॅमेरा’ हे विनामूल्य ॲप घ्यावे; त्याच्या सेटिंगमध्ये बाहेरचा माइक निवडण्याची सोय आहे.

दुसरी जागा सेलची. बीवाय-एम१च्या वायरवर एक लहान डबी असते. त्यात एलआर४४ हा बटणासारखा सेल बसतो. मोबाइलसाठी डबीवरचे बटण बंद ठेवावयाचे, कॅमेऱ्यासाठी चालू. कॅमेऱ्याचे काम झाल्यावर बटण चालूच राहिले की सेल उतरतो आणि ऐन कार्यक्रमाच्या दिवशी माइक मुका होतो. घड्याळवाल्याकडे हा सेल अल्प किमतीत मिळतो. दोन जादा सेल डबीतच ठेवावेत.

वायरलेसची बाजू आता मांडतो, म्हणजे चिरंजीवांवर अन्याय नको. मागे-पुढे चालत गोदाम दाखवायचे असेल, साडी नेसून दाखवणाऱ्या भगिनीला मोकळेपणे वावरायचे असेल, किंवा दोन माणसांचे संभाषण घ्यायचे असेल, तर वायर पायात येते. ऑस्ट्रेलियाच्या रोड कंपनीने २०१९ साली ‘वायरलेस गो’ हा काडेपेटीएवढा संच आणला आणि त्यानंतर या बाजाराचे रूपच पालटले. डीजेआय, हॉलीलँड आदी चिनी कंपन्यांचे संच आले. हॉलीलँडच्या ‘लार्क एम२’चा छातीवर लावायचा तुकडा तर अवघ्या ९ ग्रॅमचा आहे, पातळ मलमलीवर लावला तरी कापड ओढले जात नाही. अशा लहान तुकड्यांतच माइक बसवलेला असल्याने वेगळी वायर नसते. एक भाग अंगावर, दुसरा मोबाइलला.

हे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्‌झ या लहरींवर चालतात. भारतात त्यांना स्वतंत्र परवाना लागत नाही, ही त्यांची जमेची बाजू. परंतु घरचे वाय-फाय, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हेही त्याच पट्ट्यातले भाडेकरू. शिवाय मानवी शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. खोक्यावर दोनशे मीटर लिहिलेले असते ते मोकळ्या मैदानातले, समोरासमोरचे. वक्त्याने पाठ फिरवली आणि त्याचा देह मध्ये आला, तर भरगच्च हॉलमध्ये वीस मीटरवरही आवाज तुटू शकतो. म्हणून मोबाइल नेहमी वक्त्याच्या छातीला दिसेल अशा जागी ठेवावा आणि शक्यतो प्रेक्षकांच्या डोक्यांच्या वर.

या तुटण्यावर एक चांगली तोड निघाली आहे. काही संचांत अंगावरचा तुकडा स्वतःच्या पोटातही ध्वनी साठवतो. हवेतून जाणारा आवाज तुटला तरी मूळ प्रत शाबूत राहते. ‘वायरलेस गो २’, ‘डीजेआय माइक’ यांत ही सोय आहे. लग्न, सत्कार, वार्षिक सभा असे पुन्हा न घडणारे प्रसंग टिपायचे असतील, तर अधिक पैसे मोजण्यासारखे हे एकच वैशिष्ट्य मला वाटते. विक्रेते ‘३२ बिट फ्लोट’ या शब्दावर फार भर देतात. त्याचा अर्थ इतकाच की, वक्ता अचानक मोठ्याने बोलला आणि आवाज फाटला, तरी तो नंतर दुरुस्त करता येतो. परंतु पुष्कळ संचांत हा लाभ केवळ त्या पोटातल्या प्रतीला मिळतो, मोबाइलकडे गेलेल्या आवाजाला नाही. जो माणूस ती प्रत संगणकावर घेऊन चित्राशी जुळवणार नाही, त्याने या शब्दासाठी एक रुपयाही अधिक देऊ नये.

व्यापारी कुटुंबांना येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. वायरच्या माइकने माणूस बांधलेला असतो. उठताना तो काढावाच लागतो. वायरलेस मात्र छातीवर विसरून जातो. चित्रण थांबले म्हणून शेठजी आत जातात, धाकट्या बंधूंना खरेदीचा भाव सांगतात, अमुक गिऱ्हाइकाची उधारी किती थकली ते बोलतात, आणि पोटात साठवणारा तुकडा ते सारे इमाने-इतबारे टिपत राहतो. नंतर ती फाइल व्हिडिओ जोडून देणाऱ्या त्रयस्थ मुलाच्या हाती जाते. हा विनोद नव्हे. चित्रण संपताच माइक काढून डबीत ठेवण्याची शिस्त, गल्ल्याला कुलूप लावण्याइतकीच घरात लागली पाहिजे.

वायरलेसचा दुसरा दोष बॅटरीचा. एका चार्जिंगवर हे संच पाच-सहा तास सहज चालतात. पण आतली बॅटरी आपल्याला बदलता येत नाही. काही वर्षांनी ती क्षीण झाली की माइक ठणठणीत असूनही संच निकामी होतो. हिशेबात त्याचे आयुष्य चार वर्षांहून अधिक धरू नये असे मला वाटते. वायरचा माइक वायर न मोडता जपली तर याहून पुष्कळ अधिक टिकतो.

लग्नाचे चित्रण करणारे व्यावसायिक आणि वाहिन्यांचे लोक यूएचएफ लहरींवरचे संच वापरतात : सेनहायझर, सोनी इत्यादी. गर्दीत ते अधिक खात्रीचे. त्यात बाजारात मिळणारे पेन्सिल सेल चालतात, ही मोठी सोय. असे जुने संच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा एखाद्या फोटोग्राफरकडून निम्म्या भावात मिळतात आणि मोह होतो. घेण्यापूर्वी त्यावर छापलेला मेगाहर्ट्‌झचा आकडा पाहावा. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा रिलायन्स जिओने घेतला. त्यावर आता मोबाइलसेवा चालते. साधारण ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ या मर्यादांत चालणारा जुना संच आज अडथळ्याविना चालेल याची शाश्वती नाही आणि या पट्ट्यात शिरण्याचा आपल्याला अधिकारही नाही. बाहेरदेशाहून कुणी नातलगाने आणलेल्या यूएचएफ संचाचीही हीच गोष्ट. प्रत्येक देशाचे पट्टे वेगळे आणि आपल्याकडील परवान्याचे नियम वेगळे. स्वस्तातला जुना संच घेण्यापेक्षा तो न घेतलेला बरा.

‘प्रोफेशनल’ हा शब्द बाजारात आता आठशे रुपयांच्या खोक्यावरही छापलेला असतो. खरे व्यावसायिक कॉलर-माइक म्हणजे डेन्मार्कच्या डीपीएचा ४०६०, जपानच्या सँकेनचा सीओएस-११डी, सोनीचा ईसीएम-७७. त्यांत नुसता एक माइक काही दहा हजारांचा, संच वेगळा घ्यायचा. त्यांची स्वतःची सरसर अत्यल्प असते, आणि चित्रपटात ते कपड्याखाली लपवले तरी आवाज स्वच्छ राहतो. अभ्यासक्रम विकणारे शिक्षक, वकील, डॉक्टर यांचे ज्यावर पोट आहे त्यांनी विचार करावा. दुकानाच्या साठ सेकंदांच्या व्हिडिओत, जो गिऱ्हाईक मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर ऐकणार, त्यात हा फरक कुणाला कळणार नाही.

उलट जो फरक लहान मुलासही कळतो, तो जागेचा आणि लावण्याच्या पद्धतीचा. तो फुकट आहे, म्हणूनच बहुधा त्याकडे कुणी पाहत नाही.

आपल्यातील कापडाच्या व्यापाऱ्यांना एक वरदान लाभले आहे. तिन्ही बाजूंना थानांचे गठ्ठे आणि खाली गादी, यामुळे त्यांच्या दुकानात प्रतिध्वनी जवळजवळ उरतच नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत हजारो रुपये खर्चून भिंतींना जे गुबगुबीत अस्तर लावतात, ते येथे विक्रीच्या मालाच्या रूपाने हजर असते. त्यांना हजार रुपयांचा माइकही उत्तम आवाज देतो. याउलट सराफी पेढी : काच, आरसे, संगमरवर, सारेच आवाज परतवणारे. तेथे माइक थोडा वर, गळ्याजवळ घ्यावा. चित्रात न येणाऱ्या काउंटरवर जाड सतरंजी किंवा चादर अंथरावी, मागच्या काचेवर पडदा ओढावा. सर्वांत अवघड भांड्यांचे दुकान, कारण तेथे बोलण्याबरोबर पितळही हलकेच गुणगुणते. भांडी-व्यापाऱ्यांनी बोलण्याचे चित्रण गोदामात, पोत्यांच्या सान्निध्यात करावे आणि मालाचे चित्र वेगळे जोडावे.

पंखा आणि एसी दोन्ही बंद. उन्हाळ्यात हे जिवावर येते, पण पाच मिनिटांचा प्रश्न असतो. बाहेर, गच्चीवर किंवा शेतात चित्रण असेल तर माइकला स्पंजची नव्हे, लोकरीसारखी केसाळ टोपी घालावी. संचाबरोबर ती बहुधा येते आणि पहिल्याच आठवड्यात हरवते.

माइकची जागा हनुवटीखाली साधारण एक वीत, छातीच्या मध्यरेषेवर. कॉलरच्या टोकाला लावला की मान वळताच आवाज बदलतो. अगदी हनुवटीखाली आला तर आवाज कोंदतो. पुरुषांनी कुर्त्याच्या किंवा सदऱ्याच्या बटणपट्टीवर लावावा. जाकीट असेल तर त्याच्या काठावर, आतल्या बाजूला नव्हे. नवा, खळ घातलेला कपडा पावलोपावली कुरकुरतो; चित्रणाच्या दिवशी दोनदा धुतलेला सदरा बरा.

भगिनींच्या बाबतीत पदरावर माइक लावण्याची प्रथा पडली आहे, ती योग्य नाही. पदर हलतो, सरकतो, आणि रेशमाचा सळसळाट तर थेट माइकच्या कानात होतो. ब्लाउजच्या गळ्याच्या काठावर लावावा आणि पदर त्यापासून बोटभर दूर पिनेने बसवावा. मंगळसूत्र, लांब हार आणि माइक एकाच पातळीवर आले की प्रत्येक श्वासाला टकटक ऐकू येते. माइक त्यांच्या वर घ्यावा किंवा हार तेवढ्यापुरता काढून ठेवावा. दागिन्यांचा व्हिडिओ असेल तर हे अशक्य. तेथे माइक खांद्याकडे, दागिना ज्या बाजूला धरायचा त्याच्या विरुद्ध बाजूस लावावा. हातात बांगड्या भरपूर असतील तर साडीच्या घड्या उलगडताना त्यांचाच आवाज वर येईल. अशा वेळी उलगडण्याचे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावे. वायर असल्यास क्लिपच्या मागे तिचा एक लहान वेढा घेऊन मगच खाली सोडावी, म्हणजे वायर ओढली तरी धक्का माइकपर्यंत पोहोचत नाही.

प्रवचनांच्या चित्रणाविषयीही एका भगिनीने विचारले आहे. ज्या परंपरांत साधु-साध्वीजी विद्युत उपकरणांचा वापर वर्ज्य मानतात, तेथे पाटावर किंवा जवळपास गुपचूप माइक ठेवण्याचे प्रकार होतात. ते करू नये. आधी विचारावे आणि नकार मिळाल्यास वही-पेन घेऊन बसावे.

आता हिशेब. माइकवर जीएसटी १८ टक्के आहे. दुकानाच्या व्हिडिओसाठी घेत असाल तर पेढीच्या नावे, पेढीचा जीएसटी क्रमांक घालून बिल घ्यावे, म्हणजे त्या कराचे क्रेडिट मिळते. तीस हजारांच्या करपात्र किमतीवर ५,४०० रुपये कर होतो. चिरंजीवांच्या नावाने ऑनलाइन मागवून ते घालवण्याचे कारण नाही. क्रेडिट घेतले तर घसारा मात्र कर वगळून उरलेल्या किमतीवरच काढावा; दोन्ही लाभ एकदम घेता येत नाहीत. दहा हजारांहून अधिक रक्कम रोखीने देऊ नये, नाहीतर प्राप्तिकरात तो खर्च गणला जात नाही. आणि केवळ घरगुती समारंभासाठी माइक घेतला असेल तर तो पेढीच्या वहीत घालू नये, हे सांगावयास नकोच.

पिता-पुत्रांना मी लिहिले ते असे. आज वायरचे दोन माइक घ्यावेत, म्हणजे दोन हजारांत काम भागेल आणि एक हाताशी जादा राहील. तीन महिने दर आठवड्याला एक व्हिडिओ करावा आणि एका वहीत नोंद ठेवावी : किती वेळा वायर आड आली, कोणत्या व्हिडिओवरून किती विचारणा आल्या. बारा व्हिडिओ खरोखर झाले, आणि त्यांतल्या पाच-सहांत वायरने अडवले, तर स्वतःच्या पोटात प्रत ठेवणारा वायरलेस संच तीर्थरूपांनी आनंदाने मंजूर करावा. तीन महिन्यांत चारच झाले तर अडचण माइकची नव्हती. चिरंजीवांना हा ठराव फारसा रुचला नसावा, पण त्यांनी वही घातल्याचे कळवले आहे.

एका कामासाठी मात्र तीन महिने थांबू नये. आपल्या बहुतेक घरांत ऐंशीच्या पुढचे कुणीतरी असते, ज्यांनी मारवाडातून किंवा गुजरातेतून आलेल्या पूर्वजांच्या गोष्टी प्रत्यक्ष ऐकल्या आहेत, पहिली पेढी कोणत्या गल्लीत होती, भागीदारी का तुटली, दुष्काळात धान्य कसे वाटले, हे सारे तोंडपाठ सांगतात. फोटो पुष्कळ असतात, आवाज नसतो. असला तरी तो वाढदिवसाच्या गोंगाटात, दूरच्या मोबाइलने टिपलेला. दादाजींच्या छातीवर लावलेला हजार रुपयांचा माइक आणि बंद केलेला पंखा यांनी हे काम एका दुपारी होते.

वृद्धांचा आवाज क्षीण असतो, म्हणून माइक नेहमीपेक्षा दोन बोटे वर लावावा. अर्धा-अर्धा तासच बसावे, शक्यतो सकाळी, जेव्हा त्यांना बरे वाटत असते. प्रश्न विचारणाऱ्यालाही वेगळा माइक असावा. नाहीतर उत्तर ऐकू येते, प्रश्न नाही, आणि पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला संदर्भ लागत नाही. दोन माइक एका मोबाइलला जोडता येत नसतील तर दुसऱ्या माणसाने स्वतःच्या मोबाइलवर आपला आवाज स्वतंत्र टिपावा आणि आरंभी एक टाळी वाजवावी. त्या टाळीवर दोन्ही आवाज नंतर जुळवता येतात. ध्वनीची पातळी दिसत असेल तर सर्वांत मोठा शब्द उणे १२ च्या आसपास राहील असे ठेवावे. पाच मिनिटे झाली की थांबून, कानात इअरफोन घालून ऐकावे. आवाज स्वच्छ करून देणारी, नॉइज कॅन्सलेशन नावाची सोय या वेळी बंद ठेवावी. ती पंखा घालवते, पण त्याबरोबर आवाजातली थरथर आणि श्वासही पुसते. दादाजी थोडे यंत्रासारखे बोलू लागतात, आणि मूळ आवाज परत आणता येत नाही.

फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नये; तेथे ती दाबून लहान केली जाते. कुणाला पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. मूळ फाइल त्याच संध्याकाळी एका हार्ड डिस्कवर घ्यावी, दुसरी प्रत गावाबाहेर राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावी. फाइलचे नाव मोबाइलने दिलेले आकडे तसेच ठेवू नयेत : बोलणाऱ्याचे नाव, तारीख, गाव आणि विषय लिहावा. बोलण्यात आलेल्या गावांची आणि नातलगांची नावे कोण कोण ते दादाजींना त्याच दिवशी विचारून एका कागदावर उतरवून घ्यावीत, आणि तो कागद हार्ड डिस्कच्याच डबीत ठेवावा.